हुज्जत आणि विचारविनिमय

मागील वर्षी एका स्नेह्यांच्या घरी आम्ही बसलो असता घरातील वृद्ध गृहस्थ मोठ्या समाधानाने म्हणाले, "आमच्या वेळी घरात वाद म्हणून नव्हता. मी सांगावे आणि घराने करावे, इतके सरळ." त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कपबशा मांडल्या आणि मान वर न करता म्हटले, "वाद नव्हता हे खरंच. विचारत कोण होतं?" वृद्ध गृहस्थ हसले, हे वाक्य त्यांना आपल्याच बाजूचे वाटले असावे. आम्ही चहा घेतला आणि विषय पावसाकडे वळला. परंतु त्या बाईंचे शब्द आमच्या मनातून गेले नाहीत. एकाने आज्ञा करावयाची व दुसऱ्याने ती पाळावयाची अशी जेथे घडी बसली आहे, तेथे पाळणाऱ्याने बोलावयाचे की नाही, आणि बोलावयाचे तर कसे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

आपली भाषाच पाहा. धाकट्याने थोरापुढे मतभेद दाखविला तर त्याला नावे ठेवण्यास शब्दांची वाण नाही: उलट बोलणे, तोंड वर करून बोलणे, तोंड चालविणे, शब्द खाली पडू न देणे, हुज्जत घालणे. दुसऱ्या टोकाला विनंती, आर्जव, गाऱ्हाणे, अर्ज असे पायाशी बसलेले शब्द आहेत. सल्ला आणि मसलत हे शब्द भारदस्त खरे, पण ते दरबारातून आलेले. थोराने मागितला तर सल्ला, न मागता दिला तर आगाऊपणा. बंडही करावयाचे नाही आणि पदरही पसरावयाचा नाही, केवळ आपल्याला जे दिसते ते आज्ञा देणाऱ्याच्या दृष्टीस आणून द्यावयाचे, ह्या साध्या क्रियेला आपल्या घरगुती बोलीत धड नाव नाही. नाव नसलेली गोष्ट घरात रुजणे कठीण असते.

ह्या लेखात आम्हांस जो संबंध अभिप्रेत आहे त्याची कक्षा प्रथम आखून घेतली पाहिजे. मालकाच्या धाकाने गडी गप्प बसतो किंवा पोटासाठी कारकून मान डोलावतो, तो संबंध हा नव्हे. येथे एक प्रौढ मनुष्य आपल्या खुषीने आपल्या निर्णयाचा काही भाग दुसऱ्याच्या स्वाधीन करतो आणि दुसरा तो भार म्हणून स्वीकारतो. गुरुशिष्यसंबंध हे त्याचे आपल्याकडील जुने रूप होय. युरोप-अमेरिकेत गेल्या काही दशकांत अशी जोडपीही उघडपणे बोलू लागली आहेत की, ज्यांतील एकाने पुढाकार घ्यावा व दुसऱ्याने त्याच्या आज्ञेत राहावे असे दोघांनी मिळून, डोळे उघडे ठेवून ठरविलेले असते. काही जण हे लिहूनही ठेवतात. आज्ञा कोठवर चालेल त्याच्या मर्यादा नमूद करतात, आणि एखादा शब्द असा नेमून ठेवतात की तो उच्चारताच चाललेली गोष्ट तत्क्षणी थांबावी. न्यायालयात असल्या कागदाला आधार नाही. आधार आहे तो परस्परांच्या वचनाचा. हे वाचून आमच्या काही वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील हे आम्ही जाणतो. त्या संबंधातील शृंगाराचा भाग ज्याचा त्याने पाहावा. आमचे लक्ष वेधले ते एवढ्याच गोष्टीने की, आज्ञाधारकपणा इतक्या विचारपूर्वक पत्करणाऱ्या ह्या मंडळींनाही तोच प्रश्न छळतो जो आमच्या स्नेह्यांच्या माजघरात पन्नास वर्षे अडून बसला होता: आपण जे बोलत आहो ती चर्चा आहे की हुज्जत?

पुष्कळांचे उत्तर असे की, आवाज चढला म्हणजे हुज्जत आणि खालच्या पट्टीत राहिला म्हणजे चर्चा. हे उत्तर आम्हांस पटत नाही. गोड आवाजात चाललेल्या कित्येक हुज्जती आम्ही ऐकल्या आहेत, आणि तळमळीने आवाज कापत असूनही ज्यांत शुद्ध विचारविनिमय होता अशीही भाषणे ऐकली आहेत. फरक स्वरात नाही. तो कोठे आहे हे आपल्या जुन्या शास्त्रकारांनी बरेच नेमके सांगून ठेवले आहे.

न्यायशास्त्रात वाद, जल्प आणि वितंडा असे संभाषणाचे तीन प्रकार मानले आहेत. ज्यात दोघांनाही सत्य काय ते ठरवावयाचे असते तो वाद. ज्यात जिंकावयाचे असते आणि त्यासाठी शब्दच्छल वगैरे साधनेही चालतात तो जल्प. आणि ज्यात स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची केवळ मोडावयाची ती वितंडा. गंमत अशी की ह्या तिघांतील सर्वांत सज्जन शब्दाचेच आपण मराठीत हाल केले, आणि 'वाद घालू नको' असे मुलांस सांगू लागलो. गौतमाने न्यायसूत्रांत वाद कोणाशी करावा हेही सांगितले आहे, आणि त्या यादीत शिष्य, गुरू व सहाध्यायी हे स्पष्टपणे येतात. अट एवढीच की ते असूया बाळगणारे नसावेत. म्हणजे जेथे एकाचा अधिकार दुसऱ्याने पूर्ण मान्य केलेला आहे, तेथेच वादाला जागा आहे असे शास्त्रकारांस वाटले. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांच्या परस्पर चर्चेचे दोन भेद केले आहेत: संधाय संभाषा, म्हणजे जुळवून घेऊन केलेले बोलणे, आणि विगृह्य संभाषा, म्हणजे विरोध धरून केलेले बोलणे. रोग्याच्या खाटेशी उभ्या असलेल्या माणसांना ह्या भेदाची निकड अधिक भासली असेल ह्यात नवल नाही.

ह्यावरून आमच्या प्रश्नापुरते जे निघते ते असे. चर्चेत दोघांच्या मध्ये एक गोष्ट ठेवलेली असते, मग ते घर असो, मूल असो, प्रवास असो, एखादा नियम असो. आणि शेवटचा शब्द कोणाचा हे तेवढ्यापुरते ठरलेले असते. हुज्जतीत तोंडी नाव त्या गोष्टीचे असते, परंतु ओढाताण चाललेली असते ती शेवटच्या शब्दासाठी. खुर्ची कोठे ठेवावी ह्यावर दोन तास बोलणाऱ्यांना खुर्चीचे काहीच नसते. आणि ही ओढाताण केवळ खालचाच करतो असे नाही. आज्ञा देणारा जेव्हा प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी आपले स्थान सांभाळू लागतो, तेव्हा हुज्जत त्याने सुरू केलेली असते, समोरचा गप्प असला तरीही.

गीतेतील अर्जुनाकडे ह्या दृष्टीने पाहावे. दुसऱ्या अध्यायात तो म्हणतो की मी तुझा शिष्य आहे, शरण आलो आहे, मला उपदेश कर. आणि त्यापाठोपाठ 'मी लढणार नाही' असे सांगून गप्प बसतो. शिष्यत्व पत्करले आणि निर्णयही स्वतःच देऊन टाकला! आज्ञेत राहण्याची हौस असलेल्या माणसाचे इतके खरे चित्र दुसरीकडे क्वचित सापडेल. पण पुढे त्याचे बोलणे पालटते. ज्ञान श्रेष्ठ तर मला ह्या घोर कर्मात का लोटतोस, संन्यास आणि योग ह्यांतील एक काय ते निश्चित सांग, मन वाऱ्यासारखे आहे ते आवरावे कसे, अशी तो खरी अडचण पुढे ठेवतो आणि उत्तराची वाट पाहतो. चौथ्या अध्यायात तर तो थेट अधिकारावरच बोट ठेवतो: विवस्वानाचा जन्म आधीचा, तुझा नंतरचा, मग त्याला तू हे सांगितलेस हे मी कसे समजावे? हा प्रश्न उद्धट नाही, कारण त्याने अधिकाराची शंका कर्माच्या प्रश्नात लपवून आणली नाही. तिलाच विषय केले. श्रीकृष्णानेही 'तू मला विचारणारा कोण' असे न म्हणता उत्तर दिले. आणि अठराव्या अध्यायात सर्व सांगून झाल्यावर तो म्हणतो की ह्याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेस येईल तसे कर. इतका मोठा अधिकार असलेल्याने शेवटी दार उघडे ठेवले, आणि त्यानंतरच अर्जुनाने तुझे म्हणणे करीन असे म्हटले.

आता रणांगणावरून घरात येऊ. आमच्या परिचयाचे एक दांपत्य आहे. पतीच्या सढळ हातामुळे लग्नानंतर काही वर्षांतच घरावर कर्ज झाले, तेव्हा त्यांनी आपण होऊन पैशाचा सर्व कारभार पत्नीच्या हाती दिला. पगार तिच्या खात्यात जावा, मोठ्या खर्चात तिचा शब्द अखेरचा असावा, आणि त्यांना हातखर्चास ठरीव रक्कम मिळावी असे ठरले. बाहेरच्यांना ह्याची थट्टा सुचते. त्या दोघांना ते सोयीचे व मानाचे वाटते. एके दिवशी पतीच्या धाकट्या भावाने दुकानासाठी दीड लाख रुपये उसने मागितले. पत्नीने नाही म्हटले. त्या रात्री पती म्हणाले, "माझ्या माणसांची वेळ आली की तुझा हात आखडतो." पत्नी म्हणाली, "मग घ्या तुमच्या किल्ल्या परत." ह्या दोन वाक्यांत दुकान कोठेच नव्हते हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. एकाने तिच्या नीतीवर संशय घेतला, दुसरीने अधिकार फेकून देण्याची धमकी दिली. दोन दिवस घरात अबोला होता.

रविवारी जेवण झाल्यावर पत्नीनेच म्हटले की बसा आणि मला सगळे नीट सांगा. तेव्हा पतींनी कागदावर भावाची मिळकत मांडली, मागील उसनवारीचे काय झाले तेही न लपविता सांगितले, आणि मग एक गोष्ट सांगितली जी लग्नाला बारा वर्षे होऊनही तिला ठाऊक नव्हती: वडील गेल्यावर ह्या भावाने शाळा सोडून काम धरले होते, म्हणून थोरल्याचे शिक्षण पुरे झाले. पत्नी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने सांगितले की दीड लाख उसने देणे नाही, कारण ते परत येणार नाहीत आणि भावाभावांत कायमचे वितुष्ट येईल. पन्नास हजार द्यावेत, पण ते दिले म्हणून द्यावेत, परत मागू नयेत. पतींना हे पुरेसे वाटले नाही, आणि त्यांनी तसे स्पष्ट सांगितले. तिने ऐकून घेतले व निर्णय कायम ठेवला. आम्हांस ह्यात सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती पुढची. भावाला सांगावयास गेले तेव्हा ते "ती देत नाही" असे म्हणाले नाहीत. "आम्ही असे ठरवले आहे" असे म्हणाले. समोर मान तुकवून पाठीमागे हात झटकणे ही हुज्जतीचीच एक जात आहे, आणि ती फार प्रचलित आहे.

दुर्बलाच्या हाती शस्त्र नसते असे समजणेही भाबडेपणाचे होईल. वाल्मीकिरामायणात भरत चित्रकूटास जातो, तेव्हा तो रामाला परत आणण्यासाठी पुष्कळ प्रकारे बोलतो. पण कशानेच राम बधत नाही असे पाहून तो सारथ्यास दर्भ पसरावयास सांगतो आणि अन्नपाणी सोडून रामाच्या दारी धरणे धरून बसतो. त्या क्षणी बोलणे संपले आणि जुलूम सुरू झाला. प्रेमाचा जुलूम, पण जुलूमच. रामाने त्याला हे क्षत्रियास शोभत नाही असे सांगून उठविले, आणि भरत उठला हे त्याचे मोठेपण. पुढे जे निष्पन्न झाले ते दोघांपैकी कोणीही आरंभी मागितले नव्हते: पादुका सिंहासनावर आणि भरत नंदिग्रामात. आमच्या घरांतून धरण्याची जागा अबोल्याने, न जेवण्याने व माहेरी जाण्याच्या तयारीने घेतली आहे. ज्याला बोलण्याचा मार्गच ठेवलेला नाही त्याने ही साधने उचलली तर त्याला दोष देण्यास आमची जीभ उचलत नाही. परंतु मार्ग मोकळा असताना जो ती उचलतो त्याने चर्चा नको म्हटल्यासारखेच आहे.

आता वरच्या बाजूचा दोष. महात्मा गांधींनी आपल्या आत्मचरित्रात 1898 सालचा डर्बनमधील एक प्रसंग स्वतःस न वाचविता सांगितला आहे. घरी राहणाऱ्या एका कारकुनाचे मूत्रपात्र कस्तुरबांनी उचलावे असा त्यांचा आग्रह होता. कस्तुरबांनी ते उचललेही, पण डोळ्यांत अश्रू आणि राग होता. गांधींना तेवढ्याने समाधान झाले नाही. हे काम तिने आनंदाने केले पाहिजे असे त्यांना वाटत होते. ते ओरडले, त्यांनीही प्रत्युत्तर दिले की तुमचे घर तुमच्यापाशी ठेवा आणि मला जाऊ द्या. तेव्हा त्यांनी हात धरून कस्तुरबांना फाटकापर्यंत ओढीत नेले. कस्तुरबांनी विचारले की तुम्हांला लाज कशी वाटत नाही, मी येथे जाऊ कोठे, माझे आईबाप येथे आहेत काय? गांधी शरमले आणि त्यांनी फाटक लावले.

ह्या प्रसंगात आज्ञा मोडलेली नव्हती. काम झाले होते. गांधींना हवा होता तो चेहरा, आणि चेहऱ्यावर कोणाचीही सत्ता चालत नाही. ज्याला पालन पुरत नाही, पालनाबरोबर मनाचीही पावती हवी असते, त्याला समोरच्याचा प्रत्येक निःश्वास उलट उत्तरासारखा ऐकू येतो. पण त्याहून मोठी गोष्ट त्या प्रश्नात आहे: मी जाऊ कोठे? हे विवाहबंधन कस्तुरबांनी विचार करून पत्करले नव्हते. दोघांचाही विवाह बालवयात झाला होता. परक्या मुलुखात ज्या स्त्रीला फाटकाबाहेर जागा नाही तिने केलेले आज्ञापालन दिलेले म्हणावे की घेतलेले? आमच्या मते जिला जाता येत नाही तिच्याशी खरी चर्चाही करता येत नाही. तिच्या प्रत्येक होकारात भीतीचा किती अंश आहे हे तिलाही सांगता येणार नाही. म्हणून आज्ञा घेणाऱ्याने जोडीदाराच्या पायांखाली त्याची स्वतःची जमीन राहील हे पाहिले पाहिजे: मिळकत, स्नेही, माहेर. हे औदार्य नव्हे. ते नसेल तर आपल्यापुढे येणारे शब्द खरे की भयाचे हे कळण्याचा मार्गच बंद होतो.

ह्यावर कोणी म्हणेल की मग सर्वांनी अदबीने बोलावे म्हणजे झाले. अदब ही चांगली गोष्ट आहे, पण तिच्यावर फार विसंबू नये. विमानाची कोठडी ही मान्य केलेल्या अधिकाराची जागा आहे. कप्तानाचा शब्द अखेरचा ह्याबद्दल तेथे कोणास शंका नसते. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफ बेटावरील विमानतळावर धुके असताना डच कंपनीच्या विमानाच्या ज्येष्ठ कप्तानाने उड्डाणाची परवानगी मिळालेली नसता विमान धावपट्टीवर सोडले. अमेरिकन कंपनीचे दुसरे विमान अजून त्याच पट्टीवर होते. डच विमानातील यंत्रज्ञाने विचारले की ते विमान बाजूला झालेले नाही काय? कप्तानाने ठासून सांगितले की झाले आहे. यंत्रज्ञ पुढे बोलला नाही. काही क्षणांत दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली आणि 583 माणसे मेली. त्यानंतरच्या वर्षांत वैमानिकांच्या शिक्षणात एक नवा विषय आला: कनिष्ठाने शंका कशी ठामपणे, आणि उत्तर न पटल्यास पुन्हा, मांडावी; व वरिष्ठाने ती कशी मागून घ्यावी. कप्तानाचा अधिकार त्यामुळे कमी झाला नाही. अंतिम शब्द आजही त्याचाच आहे. यंत्रज्ञाच्या प्रश्नात हुज्जत नव्हती, उद्धटपणा नव्हता, आणि चर्चाही नव्हती. एका प्रश्नावर थांबलेल्या अदबीने ती होऊ दिली नाही.

येथे कालाचा मुद्दाही येतो. धावपट्टीवर क्षणाचा अवकाश असतो, घरात सहसा आठवडा असतो. मूल रस्त्यावर धावत असता ज्याच्या हाती सूत्र आहे त्याने 'थांब' म्हटले तर थांबावे आणि नंतर विचारावे. पण हे 'नंतर' प्रत्यक्षात आले पाहिजे. ज्या घरात ते कधीच येत नाही तेथे माणसे भलत्या वेळी, पाहुण्यांसमोर, ताटावर बसल्यावर बोलतात, आणि मग त्यांना हुज्जतखोर म्हणतात. आम्ही वर ज्या पाश्चात्य जोडप्यांचा उल्लेख केला त्यांतील काही जण आठवड्यातील एक वेळ अशी राखून ठेवतात की तेवढ्यापुरती आज्ञा बाजूला राहते आणि दोघे सारख्या पातळीवर बसून ठरलेल्या घडीविषयीच बोलतात. प्रथम ऐकताना आम्हांस हे कचेरीच्या बैठकीसारखे कोरडे वाटले होते. आता तसे वाटत नाही. घडीविषयीचा प्रश्न घडीच्या आत विचारला की तो बंडासारखा दिसतो. त्याला स्वतंत्र पाट मांडून दिला तर तो जेवून शांतपणे उठतो.

आमच्या परिचयाच्या त्या दांपत्याने असे काही वाचले असण्याचा संभव नाही, पण त्यांच्याकडे दर दिवाळीत पाडव्याला वही पुजल्यावर पत्नी ती पतींच्या पुढे सरकवते आणि विचारते की पुढील वर्षी हेच चालवावयाचे काय. ते दरवर्षी होय म्हणत. गेल्या पाडव्याला तिने वही सरकवली आणि त्यांनी होय म्हणण्यापूर्वीच सांगितले की आपण थकलो आहो. सर्वांना नाही म्हणण्याचे काम अकरा वर्षे एकटीने केले, आता दोन वर्षे तुम्ही करा. पती गडबडले. आपल्याला ते झेपेल असे त्यांना वाटत नव्हते, आणि तसे त्यांनी म्हटलेही. शिवाय तिच्या हाती असताना आपण किती निश्चिंत होतो हे त्यांनी प्रथमच सांगितले. तिने ते ऐकले, पण वही मागे घेतली नाही. त्यांनी विचार करण्यास आठ दिवस मागून घेतले. आम्ही भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेलो तेव्हा वही फडताळावर होती, आणि दोघेही तिच्याविषयी आमच्यादेखत, एकमेकांना मध्येच थांबवीत, बोलत होते.